जामात आंबट जास्त झालं

जुळे सोलापूर, ९ मार्च २०२५

चि. सौ. श्रावणी हिला,

पाकीट फोडलंस, बरं केलंस. माझं अक्षर बघून तू ते तसंच कपाटात टाकशील असं वाटलं होतं. फोन लागत नाही म्हणून लिहितेय. एक रिंग होते आणि तुटतो. आपल्या बचत गटाच्या अक्षताला फोन दाखवला, तर ती म्हणाली, "काकू, सूनबाईंनी तुम्हाला ब्लॉक केलंय." चार बायकांसमोर म्हणाली. गटाची अध्यक्ष झाली म्हणून काय झालं, पोच म्हणून नाही पोरीला.

काम आहे. परसातल्या अंजिराला यंदा इतकं लागलंय की फांद्या खाली आल्यात. मृत्युंजयच्या बाबांनी झाड लावलं तेव्हापासून एवढं कधी आलं नव्हतं. साळुंक्या आणि बुलबुल पहाटेपासून पंगतीला बसल्यासारखे बसतात. रोज सकाळी पाटीभर उतरवते. चार घरी वाटलं, शेजारच्या गोदावरीबाईंना दिलं, दूधवाल्याला दिलं. अंजीर दोन दिवस राहत नाही, तुला माहीतच आहे. मग म्हटलं जाम करू. तू करायचीस तसा.

केला, आणि वाया गेला. मी अंजिरं उखळात कुटली. हसू नकोस. तीस वर्षं शेंगांची चटणी कुटत आले, हाताला दुसरं काही येत नाही. पण अंजिराच्या बिया फुटल्या आणि सगळं वाळू खाल्ल्यासारखं कचकच लागायला लागलं. वरून देठाचा चीक बोटांच्या बेचक्यात गेला. दोन दिवस हात खाजतोय, खोबरेल लावून बसलेय. तू देठ कापून फळं कोमट पाण्यात टाकायचीस, ते आत्ता आठवलं. आणि पाणी तरी कुठलं टाकायचं? नळ पाच दिवसांनी येतो, तोही पाऊण तास.

तर एवढं कळव. किलोला साखर किती? लिंबू कधी पिळायचं, सुरुवातीला का शेवटी? झाला हे ओळखायचं कसं? तू बशीत थेंब टाकून ती तिरकी करून बघायचीस. थेंब पळायला नको होता, का पळायला पाहिजे होता, ते माझ्या लक्षात नाही.

मृत्युंजय परवा फोनवर म्हणाला की बार्शीच्या गटानं तुझा जाम घेतला नाही. सोलापुरातून कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं म्हणे, की हिच्या जामात अळ्या निघाल्या होत्या. पंधरा एप्रिलला त्यांची पुन्हा बैठक आहे, तेव्हा बघू म्हणाल्यात. ऐकून वाईट वाटलं. लोक कुठलं कुठं नेतात. त्याबद्दल या पत्रात मी काही लिहीत नाही. जामाचं तेवढं कळव.

नीलम्मा


जुळे सोलापूर, १७ मार्च २०२५

चि. सौ. श्रावणी हिला,

तुझं उत्तर नाही. पोस्टाला दोष देऊन आठ दिवस काढले. मग मृत्युंजयला विचारलं, तर म्हणतो पत्र मिळालं, तिनं वाचलं, डब्यात ठेवलं. कसला डबा ते काही सांगत नाही.

दुसऱ्यांदा केला. या वेळी कुटलं नाही, विळीवर बारीक चिरलं. किलोला पाऊण किलो साखर, माझ्याच मनानं. साखर लावून दोन तास झाकून ठेवलं, पाणी सुटलं, मग जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर. चव लागली छान. पण लिंबू घातलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बरणीच्या तळाला साखरेचे खडे, वर नुसता पाक. गोदावरीबाई आल्या होत्या, त्यांनी चमचाभर खाल्लं आणि म्हणाल्या, "आंबट हवं होतं थोडं." बघ, कुणी कुणाला सांगावं!

आता गोदावरीबाईंचं नाव निघालंच आहे तर तो विषय लिहून टाकते. तू त्या दिवसानंतर माझं काही ऐकून घेतलं नाहीस. कागदावर तरी ऐक.

गोष्ट एवढीशी होती. दीड वर्षामागं, सप्टेंबरात, तू खट्ट्या बहाराचा जाम केलास. पावसाळ्यातली अंजिरं ती, मुळातच आंबटसर, त्यात तू चार लिंबं पिळलीस. मंद्रूपहून शिवलीलाचा फोन आला होता. सख्ख्या बहिणीशी मी कन्नडमध्येच बोलणार ना. तिनं विचारलं, सुनेचा जाम कसा झालाय. मी म्हटलं, "जामिन्याग हुळी भाळ आगेद." म्हणजे जामात आंबट जास्त झालंय. एवढंच. त्याच वेळी गोदावरीबाई विरजण मागायला दारात आल्या होत्या. त्यांना कन्नड येतं किती? आमच्याकडं धान्य निवडायला बसतात म्हणून 'हुळ' हा एक शब्द त्यांना पाठ. हुळ म्हणजे कीड, अळी. हुळी म्हणजे आंबट. बाईंनी शेवटची वेलांटी ऐकलीच नाही.

आणि शनिवारी गटाच्या बैठकीत, दिवाळीच्या प्रदर्शनातला स्टॉल ठरत होता तेव्हा, बाई उठून म्हणाल्या, "मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. नीलम्मावैनी त्यांच्या बहिणीला सांगत होत्या, सुनेच्या जामात लई हुळ झालेत." झालं. अंजीर उंबराच्याच जातीचं, त्यात किडे असणारच, असं सगळ्यांना आधीपासून वाटत होतंच. तुझ्या ऐंशी बरण्या परत आल्या.

आता यात माझा काय दोष, तूच सांग. बोलले मी बरोबर, ऐकलं त्यांनी चुकीचं. घरी आल्यावर तू मला विचारलंस, "अव्वा, तुम्ही असं म्हणालात का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत तू आत निघून गेलीस. दिवाळी झाली आणि तुम्ही दोघं बार्शीला गेलात. जाताना पाया पडलीस, पण वर बघितलं नाहीस.

उद्या लिंबू घालून करते. अंजिरं थांबत नाहीत.

नीलम्मा


जुळे सोलापूर, २३ मार्च २०२५

श्रावणी,

आज थोडं लांबलचक होईल. भाकरी उरकून बसलेय.

लिंबू घालून केलेला जाम चांगला झाला. किलोला दोन लिंबं, उकळी फुटल्यावर. थेंब पळाला नाही, बशीत जागच्या जागी राहिला, वर सुरकुती आली. रंग तुझ्यासारखा नाही, जरा काळपट आहे. पण जाम आहे. सहा बरण्या झाल्या. इतका आनंद झाला की त्यातल्या दोन घेऊन मी काल गटाच्या बैठकीला गेले. पाडव्याला सोसायटीच्या आवारात स्टॉल लावायचं चाललंय.

बरण्या टेबलावर ठेवल्या. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "नीलम्मावैनी, आत काही वळवळतंय का आधी बघा हां." सगळ्या हसल्या. गोदावरीबाईपण हसल्या. वाईट मनानं नव्हे, असंच. आपण हसतो तसं.

माझं तोंड आंबलं बघ. सकाळपासून उभी राहून केलेलं, तिसऱ्या खेपेला जमलेलं, उन्हात वाळवलेल्या बरण्यांत भरलेलं. आणि सगळ्या हसतायत. मी बरण्या पिशवीत टाकल्या आणि घरी आले. रिक्षात एकच गोष्ट डोक्यात होती, हिला तेव्हा ऐंशी बरण्या उचलून न्याव्या लागल्या.

मागच्या पत्रात मी निम्मं खोटं लिहिलं. आता नीट लिहिते.

गोदावरीबाई उठून बोलल्या तेव्हा त्यांच्या तोंडून 'हुळ' निघताक्षणी मला कळलं की त्यांनी काय ऐकलंय. त्याच क्षणी. नंतर घरी येऊन वगैरे नाही. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मला एक वाक्य बोलायचं होतं. अहो हुळ नव्हे, हुळी म्हणाले मी, आंबट. सगळ्या हसल्या असत्या आणि विषय संपला असता. मी काय केलं माहीत आहे? पदर सारखा केला आणि म्हणाले, "जाऊ द्या आता तो विषय." गप्प बसले असते तरी परवडलं असतं. 'जाऊ द्या' म्हणाले, म्हणजे खरं आहे पण सासू सुनेची झाकतेय, असं झालं. ते मला म्हणतानाच समजत होतं.

तू दारातच उभी होतीस, हातात खोकं.

आणि घरी आल्यावर तू विचारलंस, तेव्हा मी उत्तर द्यायच्या आत गेलीस, हेही खोटं. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिलीस. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत उभी होतीस. मी मेथी निवडत बसले आणि म्हणाले, "लोक काय वाट्टेल ते बोलतात, तू कशाला मनावर घेतेस."

का केलं असं, ते विचारशील. मी स्वतःला लई वेळा विचारलं आणि प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी सांगितलं. आज खरं सांगते. चटणीमुळं.

माझी शेंगांची चटणी तीस वर्षं गटात पहिल्या फळीवर. सोलापुरातून पुण्या-मुंबईला जाणारी पाहुणी मंडळी नीलम्माची चटणी म्हणून मागून न्यायची. तू आलीस, दोन वर्षांत तुझा जाम सगळ्यांच्या तोंडी. बाया दारात येऊन मला ओलांडून विचारायच्या, "श्रावणी हाय का घरात?" आणि त्या दिवशी अक्षतानं स्टॉलचा कागद वाचून दाखवला. वर जाम, मधे कडक भाकरी, चटणी खालच्या फळीला. खालच्या फळीला! गिऱ्हाईक वाकून बघेल तेव्हा दिसणार. आत असा जाळ झाला की विचारू नकोस. आणि दोनच मिनिटांत गोदावरीबाई उठल्या.

मला वाटलं, होऊ दे एक दिवस हिची फजिती. उद्या सांगू खरं. उद्या म्हटलं परवा. मग तुमचं सामान टेम्पोत चढलं.

तू आमच्यातली नाहीस, बार्शीच्या मास्तरांची मुलगी, म्हणून मी असं केलं, असं तुला वाटत असेल. ते नाही गं. माझ्या पोटची पोर असती आणि तिनं चटणी खाली टाकली असती, तरी मी गप्पच बसले असते. हे काही भूषण नाही, पण तुला माहीत असू दे.

नीलम्मा


जुळे सोलापूर, १ एप्रिल २०२५

श्रावणी,

पाडव्याला मृत्युंजय एकटाच आला. तू येणार नाहीस हे धरूनच होते, तरी पुरणाच्या पोळ्या तिघांच्या केल्या. जेवण झालं, हात धुतला आणि म्हणाला, "अव्वा, तू तिला काय लिहिलंस ते तिनं मला वाचून दाखवलं."

मी म्हटलं, "मग? आता तरी कळलं ना तिला, मी आंबट म्हणाले होते ते?"

तो म्हणाला, "तिला तेव्हाच माहीत होतं."

"कसं माहीत असेल? तिला कुठं कन्नड येतं?"

"तीन वर्षं ती याच स्वयंपाकघरात होती की, अव्वा. तू दिवसभर मावशीशी बोलायचीस. तिला सगळं समजतं. फोन चालला होता तेव्हा ती मोरीत बरण्या धूत होती. तिनं ऐकलं होतं."

मी म्हटलं, तिनंही चुकीचं ऐकलं असेल. तर म्हणाला, "नाही. ती मला म्हणाली, अळ्या असत्या तर अव्वा 'आग्याव' म्हणाल्या असत्या. त्या 'आगेद' म्हणाल्या. म्हणजे आंबटच."

आमच्या बोलीत कीड झाली तर 'आग्याव', अनेक असतात म्हणून. आंबट झालं तर 'आगेद', ते एकच म्हणून. मी जन्मभर बोलतेय, मला कुणी विचारलं असतं तर हे असं फोड करून सांगता आलं नसतं. आणि तू मोरीत बसून एवढं पकडलंस. पहिल्या वर्षी तू एकदा काहीतरी कन्नडमध्ये बोलायला गेलीस आणि मी न् शिवलीला पोट धरून हसलो होतो. त्यानंतर तू कधी बोलली नाहीस. मला वाटलं, सोडून दिलंस. ऐकत होतीस हे माझ्या ध्यानीमनी नाही.

म्हणजे त्या शनिवारी त्या खोलीत दोघींनाच खरं माहीत होतं. मला आणि तुला.

मी मृत्युंजयला म्हटलं, "मग ती का नाही बोलली? तिलाही तोंड होतं की."

तर तो चिडला. मला कधी आवाज चढवून बोलत नाही, त्या दिवशी चढवला. "तिनं सांगून कुणी ऐकलं असतं? सून म्हणतेय माझ्या जामात काही नाही, आणि सासू म्हणतेय जाऊ द्या! तुझ्या तोंडून यायला पाहिजे होतं ते. ती तुझी वाट बघत होती. घरी येऊन परत विचारलं तिनं. तिला काय माहीत नव्हतं म्हणून विचारलं का?"

मग म्हणाला, "बार्शीला जायचं मी नाही ठरवलं. मी रोज म्हणायचो, अव्वा बोलेल. ती दिवाळीपर्यंत थांबली."

तो गेल्यावर मी पोळ्या झाकून ठेवल्या आणि अंथरुणावर जाऊन पडले. दिवेलागणीला उठले नाही. देवापुढं दिवा लावला नाही, पाडव्याच्या दिवशी.

दीड वर्ष मी मनाशी एक धरून होते, की ही सगळी ऐकण्यातली चूक आहे, आणि कधीतरी समजावून सांगितलं की मिटेल. आता समजावून सांगायला काही राहिलंच नाही. तुला सगळं समजलेलं होतं. मेली मीच मोठी शहाणी, तुला हुळ आणि हुळीतला फरक पत्रातून शिकवत बसले! ते पत्र वाचताना तुला काय वाटलं असेल, ते मनात आलं की कानशिलं तापतात.

मला माफ कर असं लिहिणार होते. पण खोलीत वीस बायका होत्या, आणि माफी मी पाकिटात घालून पाठवतेय, हे काही खरं नाही. शनिवारी बैठक आहे.

नीलम्मा


जुळे सोलापूर, ६ एप्रिल २०२५

श्रावणी,

काल सांगितलं.

घरातून निघताना वाटत होतं आजारी पडावं. ऊन म्हणजे काय ऊन, चपलेतून चटका बसत होता. गेले. हजेरी झाली, पाडव्याच्या स्टॉलचं बोलणं झालं, अक्षता म्हणाली, "आणखी काही?" मी उभी राहिले. गुडघे दुखतात म्हणून मी कधी उभी राहून बोलत नाही, त्यामुळं सगळ्या आपोआप गप्प झाल्या.

म्हटलं, माझ्या सुनेच्या जामात कधीही अळ्या नव्हत्या. मी 'हुळी' म्हणाले होते, आंबट. गोदावरीबाईंनी 'हुळ' ऐकलं. त्यांची चूक साधी आहे. माझी साधी नाही. त्या बोलल्या तेव्हाच मला कळलं होतं आणि मी मुद्दाम 'जाऊ द्या' म्हणाले. माझी चटणी खालच्या फळीला लावली, याचा मला राग आला होता.

वाटलं होतं कुणीतरी म्हणेल, असू द्या वैनी, होतं असं. कुणी म्हणालं नाही.

गोदावरीबाई उठल्या. त्या रागावतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, सगळं लक्ष तुझ्याकडं. त्या म्हणाल्या, "नीलम्मावैनी, म्हणजे दीड वर्ष मी त्या पोरीची बदनामी करत फिरले, आणि तुम्ही रोज माझ्या घरचा चहा पीत होता? बार्शीच्या माझ्या भाचीला मीच सांगितलं. मला वाटलं आपण लोकांच्या भल्याचं सांगतोय." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मी जवळ जायला निघाले तर हात झटकला. म्हणजे बार्शीत कुणी सांगितलं तेही कळलं. त्यांच्यावर राग धरू नकोस. जेवढं खरं समजत होत्या तेवढंच बोलल्या.

अक्षतानं प्रोसिडिंगची वही माझ्यापुढं सरकवली. "काकू, तुमच्याच अक्षरात लिहा. सगळ्यांच्या सह्या घेऊ." पोरीला पोच नाही असं मी लिहिलं होतं, ते मागं घेते. लिहिलं. 'हुळी'ची वेलांटी दोनदा गिरवली. सह्या झाल्या. अक्षतानं त्या पानाचा फोटो काढला आणि तिथंच बार्शीच्या गटाच्या बाईंना फोन लावला. स्पीकरवर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सासूबाई स्वतः आहेत का तिथं?" मी म्हटलं, "व्हय, आहे. मीच ती." त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. पंधरा तारखेला वही पुढं ठेवते." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परत येताना माझ्याबरोबर कुणी नव्हतं. एरवी चौघी-पाचजणी असतो. गोदावरीबाईंच्या दाराला कडी होती, आतून.

जाम अजून चाललाय. शेवटचा तोडा आहे, आठवडाभरात झाड रिकामं होईल. तू ये म्हणत नाही. तेवढा माझा हक्क राहिलेला नाही. पण फळं तुझी आहेत. हवी असतील तर मृत्युंजयला पाठव.

आणि माफ कर. आता लिहिता येतं, म्हणून लिहिलं.

नीलम्मा


जुळे सोलापूर, १७ एप्रिल २०२५

श्रावणी,

काल दुपारी तुझा फोन आला. मी मोरीत पातेलं घासत होते, हात राखेनं भरलेले. नाव दिसलं आणि फोन हातातून सुटून पडला, म्हणून उचलायला वेळ लागला. मुद्दाम नाही लावला.

बार्शीच्या गटानं जाम घेतला हे अक्षतानं सकाळीच सांगितलं होतं. मला वाटलं तू तेच सांगायला फोन केलास. तू ते सांगितलंच नाहीस. मी हॅलो म्हटलं आणि तू म्हणालीस, "अव्वा, भाळ तडा माडिद्री."

लई उशीर केलात.

मी 'व्हय' म्हणाले. तू 'ठेवते' म्हणालीस आणि ठेवलास. सगळं मिळून एक मिनिटही झालं नसेल. मला लई बोलायचं होतं, ते राहूनच गेलं, म्हणून हे पत्र.

उशीर केला. कबूल आहे. तू अजून रागात आहेस, ते आवाजात होतंच. ते तुझं बरोबर आहे.

पण एक सांगू? आमच्यात रागावलेलं माणूस 'माडिदी' म्हणतं. केलंस. समोर वडीलधारं असलं, मान ठेवायचा असला, तर शेवटी री लावतात, माडिद्री. केलंत. शिवलीला माझी पाठची बहीण, पण चिडली की पहिली री सोडते, मग बाकीचं बोलते. नवऱ्यावर चिडले की मीही सोडायची. रागात ती आपोआप सुटते, धरून ठेवावी लागते.

तू दीड वर्ष बोलली नाहीस. बोललीस ती मला बोल लावायला. आणि तरी री धरून ठेवलीस.

फोन ठेवल्यावर मी मोरीतच बसले आणि ओक्साबोक्शी रडले. शेजारी ऐकू गेलं असेल. त्या दिवशी तू दारात खोकं घेऊन उभी होतीस तेव्हा मी त्या री च्या लायकीची नव्हते, आणि आज आहे असंही मला वाटत नाही. तू लावलीस.

नीलम्मा